शेडकार्डावरचं मनगट

४ एप्रिल

नवी वही. पहिल्या पानावर सगळ्यांची विचारपूस करून ठेवतो, म्हणजे पुढे कोण सुधारलं आणि कोण बिघडलं ते कळेल.

सुरुवात माझ्यापासून. डावा गुडघा सकाळी कुरकुरतो, चहा पोटात गेला की गप्प बसतो. एकाहत्तराव्या वर्षी याहून जास्त तक्रार करण्यासारखं काही नाही, आणि असलं तरी ऐकायला वेळ कोणाला आहे? सूनबाईची पाठ बरी. दिवसभर लाँड्रीच्या काउंटरला उभी असते, त्या मानाने पाठीने लाज राखलीय. मुलगा बोटीवर. रविवारच्या फोनवर म्हणाला, खोकला गेला. म्हणताना दोनदा खोकला. शेजारच्या शिंपीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सुईत दोरा स्वतः ओवतात आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. नात, म्हणजे आमची भिंगरी, ठणठणीत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात नाक सोलून निघालं होतं, ते भरून आलं.

आता माझ्या क्रीमच्या डब्या. खिडकीतली: तब्येत चांगली. फ्रिजमधली: जरा घट्ट झालीय, स्वभावच तसा. कपाटातली: झोपलेली. शेगडीजवळची: कडेने थोडं तेल सुटलंय, तिला जपायला हवं.

भिंगरीला दिवाळीत जमीन मोजण्याच्या ऑफिसात नोकरी लागली. तीन पायांचं यंत्र घेऊन दिवसभर उन्हात उभं राहायचं. बाजारातलं उन्हाचं क्रीम घामाबरोबर तिच्या डोळ्यांत उतरायचं. मी म्हटलं, थांब. एक्केचाळीस वर्षं रंगाच्या दुकानात रंग मिसळलेत. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा आणून द्यायचं आणि मी तोच रंग डब्यात उतरवून द्यायचो. झिंक ऑक्साइडची पांढरी पूड मला काय परकी? रंगातही पडते ती. शाळा आठवीत सुटली, पण वाचनालयातली तीन पुस्तकं आणि भिंगरीने मोबाइलवर लावून दिलेले व्हिडिओ यांवर मी क्रीम करायला शिकलो. मेण, तेल, पाणी, पूड. मऊ फडक्यातून गाळायचं. फडकं आमच्या हिच्या जुन्या बाहीचं आहे. हिला थंडी फार वाजायची, उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या. त्यामुळे एका बाहीची दोन फडकी होतात. गेली तरी मदतीला आहे.

तयार क्रीम काळ्या फरशीच्या तुकड्यावर बोटाने ओढतो. फरशी दिसेनाशी झाली की समजायचं, जमलं. भिंगरी त्याला 'आजोबांचा डिस्टेंपर' म्हणते. तिनेच डबीवर तसं लेबल लिहून चिकटवलंय.

९ एप्रिल

भिंगरीने ऑफिसातला फोटो दाखवला. अकरा माणसं उन्हात उभी.

"आजोबा, यात मी कुठे ते ओळखा."

मी चष्मा शोधेपर्यंत तीच म्हणाली, "जिथे नुसते दात दिसतायत ना, ती मी!" आणि खिदळत सुटली. सूनबाईही हसली.

मी हसलो नाही. पोर वरून हसते, आत लागलं असणार. रंग आजीचा घेतलाय तिने. आजीही अशीच, सगळं हसण्यावारी न्यायची. लग्न झालं त्या महिन्यात एकदा माझा जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली होती. चार रंगारी बसलेले. मी शेडकार्ड तिच्या दंडाला लावलं आणि ओरडलो, "मालक, ही शेड आपल्याकडे नाही, मागवावी लागेल!" काय हशा पिकला! तीही हसली. रंगारी पुढे कितीतरी वर्षं तो विनोद सांगायचे. डबा मात्र त्यानंतर शेजारच्या मुलाबरोबर पाठवायला लागली. घरातून पाय निघत नसेल.

संध्याकाळी शिंपीणबाई आपली डबी भरून घ्यायला आल्या. त्यांना फोटोचं सांगितलं.

"दादा, नुसतं ऊन अडवून काय होणार?" त्या म्हणाल्या. "आहे तो रंग तसाच राहणार. जरा उजळणारं काहीतरी घाला की त्यात. सगळ्या कंपन्या घालतात."

"अहो, ती कुठे मागतेय?"

"पोरी मागतात होय तोंडाने?"

हे मात्र मला पटलं.

१३ एप्रिल

तीन दिवस वाचन. कोजिक आम्ल, व्हिटॅमिन सी, ज्येष्ठमधाचा अर्क. तिन्ही रंग उजळतात म्हणे. पुस्तकात प्रत्येकाचं वेगळं प्रकरण आहे. झिंकबरोबर चालतात का, ते कुठे सापडलं नाही. न चालायला काय झालं? रंगात आम्ही काय काय घालायचो.

केमिकलवाल्याकडे गेलो. तरुण आहे, कानावर पेन्सिल खोचलेली.

"सगळं एकाच क्रीममध्ये? झिंकबरोबर?" त्याने विचारलं.

"हो."

"आजोबा, आम्लाचं आणि झिंकचं जमत नाही फारसं. एकदा कोणाला तरी विचारा."

"पोरा, तू जन्मायच्या आधीपासून मी मिसळतोय," मी म्हणालो. तो गप्प बसला आणि पुड्या बांधून दिल्या. मला छान वाटलं. हे खरं ते लिहितो: त्याला गप्प केल्याचं छान वाटलं.

भिंगरीला सांगायचं नाही असं ठरवलं. सांगितलं तर तिला वाटेल, आजोबांना माझा रंग खुपतो. मला कुठे खुपतो? मला फक्त तिला फोटोत दिसायला हवं आहे. लहानपणी औषध मधात घालून द्यायचो, तसंच हे.

१९ एप्रिल

नवा घाणा उतरला. त्रासच दिला. पुड्या टाकल्या तसं क्रीम दह्यासारखं फुटलं आणि बारीक कण दिसायला लागले. पुन्हा गरम केलं, मेण वाढवलं, पुन्हा घुसळलं. शेवटी वरून गुळगुळीत दिसलं. फरशीवर ओढलं तर मध्ये मध्ये काळं डोकावत होतं. मग दुसरा हात दिला. दुसऱ्या हातात भिंतही झाकली जाते.

डबीला तेच जुनं लेबल लावलं. तिच्या अक्षरातलं. लेबल दाबून बसवताना थोडं चुकल्यासारखं झालं. एक्केचाळीस वर्षांत मी एका रंगाच्या डब्यावर दुसऱ्याचं झाकण लावून विकलं नव्हतं. मालकानेसुद्धा एकदा सांगितलं होतं, तरी नाही लावलं. पण ते विकणं होतं. हे घरचं.

सकाळी भिंगरी घड्याळाचा पट्टा लावून मागत होती, तेवढ्यात तिच्या मनगटाशेजारी हळूच जुनं शेडकार्ड धरलं. 'ओली माती, चार'. पेन्सिलीने तारीख टाकली. दोन महिन्यांत 'ओली वाळू, दोन' पर्यंत आणायची असं ठरवून बाणही काढला. कामाचं मोजमाप हवं.

३ मे

काल पुन्हा धरलं. अर्धी शेड वर! क्रीम लावून निघाली होती तेव्हाच धरलं, दुपारपर्यंत थांबायला कोण देतंय?

शिंपीणबाईंनाही नवी डबी दिली. आरशात बघून त्या म्हणतात, फरक आहे. सूनबाईला मात्र काही दिसत नाही. ती म्हणाली, "बाबा, हल्ली तुमच्या क्रीमला आंबूस वास येतो आणि रंग पिवळट झालाय. काही बदललंत का?"

"मेण नवीन आहे," मी म्हणालो.

सहज निघून गेलं तोंडातून. मला वाटलं होतं, जड जाईल.

डब्यांची विचारपूस: खिडकीतली रडतेय. झाकण उघडलं की वर पाणी. ढवळून ठेवली.

१४ मे

भिंगरी तीन दिवसांच्या मोजणीला गेली. उघडं माळरान, झाडाचं नाव नाही. पहिल्यांदाच सगळी मोजणी तिच्या एकटीच्या नावावर. जूनमध्ये तिला कायम करायचं की नाही ते ठरणार, आणि ते ठरवणाऱ्या साहेबीणबाई स्वतः तिसऱ्या दिवशी काम बघायला येणार आहेत. पोरगी आठवडाभर झोपेतसुद्धा आकडे पुटपुटत होती.

निघताना पिशवीवर थाप मारून म्हणाली, "आजोबा, डिस्टेंपर घेतलाय. दर दोन तासांनी एक हात!"

पिशवीत जुनी डबी टाकावी असं क्षणभर वाटलं होतं. एक शिल्लक होती कपाटात. पण 'ओली वाळू'पर्यंतचं अंतर अजून बरंच होतं.

१७ मे

दुपारी तिला ऑफिसच्या गाडीने आणून सोडलं. मी दार उघडलं. चेहरा, मान, दोन्ही हात लालभडक. गालांवर आणि मनगटांवर पाणी भरलेले फोड. सगळीकडे सारखं नाही. पट्टे पट्टे, डाग डाग. कच्च्या रंगाऱ्याने भिंत रंगवल्यासारखं. तो पट्टा मी ओळखला. फरशीवर बघितला होता.

तिसऱ्या दिवशी तिला उभंच राहवेना. साहेबीणबाई आल्या तेव्हा यंत्र दुसऱ्याच कोणीतरी धरलं होतं.

सूनबाई तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "क्रीम घरचं? काय काय असतं त्यात?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भिंगरी तर अभिमानाने बघत होती, त्या सुजलेल्या डोळ्यांनी.

"मेण, तेल, पाणी, झिंक," मी म्हणालो.

"अजून काही?"

"नाही."

त्यांनी लिहून घेतलं. मी बघत होतो. माझं 'नाही' त्यांनी शाईने लिहिलं.

२० मे

डॉक्टरीणबाईंना वाटतंय, तिला झिंक सोसत नसावं. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनीच दिलेलं झिंकचं मलम त्यांनी आज बंद करायला सांगितलं, तेवढ्यानेच तिला थंड वाटायचं. ती आता रात्रंदिवस कुशी बदलते.

ऑफिसातून पत्र आलंय. कामावर असताना स्वतःची काळजी घेण्यात हयगय केली, खुलासा करा. भिंगरी सुजलेल्या बोटांनी उत्तर लिहीत होती. मी शेजारी बसून होतो.

"काय लिहितेस?"

"खरं तेच. क्रीम चांगलं होतं, मीच नीट लावलं नाही. गडबडीत पट्टे राहिले असणार."

"असं कशाला लिहितेस?"

"मग काय लिहू? आजोबांच्या क्रीममुळे झालं? ते सहा महिने लावतेय मी, कधी काही झालं का?"

उठून तिच्यासाठी पाणी आणलं. तिने माझ्यासमोर पाकीट बंद केलं, आणि मी, मीच, चपला घालून ते टपालात टाकून आलो.

२४ मे

आज सगळं उघडं पडलं. मी सांगितलं म्हणून नव्हे. ही गोष्ट इथे स्पष्ट लिहून ठेवतो, नाहीतर पुढेमागे मीच मला वेगळी सांगेन.

फोडावरची पट्टी कापायला कात्री हवी म्हणून भिंगरीने माझ्या टेबलाचा खण उघडला. कात्रीच्या खाली शेडकार्ड.

"हे काय आहे?"

"जुनं आहे. भिंतीसाठी काढलं होतं."

तिने कार्ड उजेडात धरून वाचलं. "'मनगट, १९ एप्रिल.' 'मनगट, २ मे, अर्धी शेड वर.'" मग माझ्याकडे बघितलं. "आजोबा, भिंतीला मनगट असतं?"

मग सांगितलं. फोटो, शिंपीणबाई, तीन पुड्या, केमिकलवाल्याचं बोलणं, फुटलेला घाणा, लेबल. डॉक्टरीणबाईंना दिलेलं उत्तरही. ती ऐकत राहिली. मधे एकदाच विचारलं, "हा बाण कसला?"

"तिथपर्यंत न्यायचं होतं."

"मला?"

"तुला वाईट वाटत होतं म्हणून. त्या फोटोत तू म्हणालीस..."

"मी विनोद केला होता, आजोबा."

"वरवर..."

"वरवर नाही. विनोद म्हणजे विनोद! मला तो फोटो आवडतो. माझ्या मोबाइलवर तोच लावलाय." तिचा आवाज चिरकला. "इतके दिवस मला तो आवडत होता."

सूनबाई दारात येऊन उभी होती. तिने मला काही बोलावं असं फार वाटत होतं. पण तिने भिंगरीच्या हातातून कात्री घेतली आणि पट्टी कापायला बसली.

थोड्या वेळाने भिंगरी म्हणाली, "उद्या डॉक्टरांना तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर."

२५ मे

सांगितलं. वहीतून वाचून दाखवलं, किती चमचे ते सुद्धा. डॉक्टरीणबाईंनी आधीची ओळ खोडली आणि शेजारी नवीन लिहिलं.

त्या म्हणाल्या, आम्लाने झिंकचे कण गोळा झाले, क्रीम आतून फुटलं. दिसायला पांढरं, पण मधे मधे कातडी उघडीच राहिली. त्यात त्या पुड्यांनी कातडी आधीच हळवी केलेली. "आणि काका, तुमचं आधीचं क्रीमसुद्धा किती ऊन अडवत होतं हे देव जाणे. ते फरशीवर कळत नाही. मशीनवर तपासावं लागतं."

"पण फरशी झाकली जायची," मी म्हणालो.

"भिंत झाकणं वेगळं, काका."

थंड मलम पुन्हा चालू झालं. पाच दिवस पोरीने उगीच आग सोसली. एका 'नाही'मुळे.

२७ मे

आपणच बिघडवलं तर आपणच निस्तरावं, म्हणून सकाळी कोणाला न सांगता भिंगरीच्या ऑफिसात गेलो. रात्रीच सगळं लिहून ठेवलं होतं. साहेबीणबाईंनी जिन्यातच उभ्या उभ्या वाचलं. पन्नाशीच्या, डोक्यावर उन्हाची टोपी, चेहरा रापलेला. त्या चेहऱ्याची शेड माझ्या डोक्यात आपोआप आली. दिवसभर त्याचीच लाज वाटतेय.

"तुम्ही काय करायचात?" त्यांनी विचारलं.

"रंग मिसळायचो."

"बरं. सहीखाली तारीख घाला."

हयगयीचा शेरा काढतील. मोजणी मात्र तिला पुन्हा करावी लागेल, जूनपासून, आणि या वेळी एका तुकड्याची नव्हे तर सबंध माळाची, सहा आठवडे छावणीत राहून. त्यानंतर कायम करायचं ते ठरवतील. मी जवळजवळ उड्या मारतच घरी आलो आणि भिंगरीला सांगितलं.

तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही माझ्या ऑफिसात गेलात? त्यांना शेडकार्डाचंही सांगितलंत?"

"सगळं. काही लपवलं नाही."

"मला विचारलंत?"

मी चपला काढायला वाकलो.

"पुन्हा तेच, आजोबा," ती म्हणाली. "पुन्हा मला न विचारता."

२८ मे

भिंगरी माझ्याशी बोलत नाही. जेवायला बसली तेव्हा अंगात लांब बाह्यांचा कपडा. घरात पंखा असून घामाच्या धारा लागल्यात आणि हिच्या बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली. भाकरीचा तुकडा मोडताना बाही मागे सरकली तर चटकन पुढे ओढली. ताप आल्यामुळे थंडी वाजत असेल

इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. वाक्य पुरं केलं नाही. तसंच राहू दे.

थंडी.

२९ मे

शिंपीणबाईंकडे गेलो. डबी परत मागितली, कारण सांगितलं. त्यांनी गालाला हात लावला. त्यांच्याही गालावर लाली आहे. त्यांना वाटत होतं, ती क्रीमने आलेली टवटवी.

"मी आपलं सहज बोलले होते हो दादा."

"तुमचं बोलणं सहज होतं. पुड्या मी मोजून घातल्या."

निघताना उंबऱ्यातून परत वळलो. विचारलं, "हिच्या बाह्या तुम्हीच लावायचात ना?"

"वहिनींच्या? सगळ्या. लग्न होऊन आल्या तेव्हा कपडे अर्ध्या बाह्यांचे होते सगळे. महिनाभरातच गठ्ठा घेऊन आल्या, म्हणाल्या, मनगटापर्यंत करून द्या. कापड जुळत नव्हतं, तरी चालेल म्हणाल्या."

"थंडी वाजायची ना तिला."

शिंपीणबाईंनी दोरा दाताने तोडला. मग म्हणाल्या, "त्या उन्हाळ्यातच आल्या होत्या, दादा."

घरी आलो. गाळायचं फडकं धुऊन वाळत घातलं होतं, ते काढून घडी केलं. दंडाच्या जागी शिवण आहे. तिथून पुढचं कापड निराळं, थोडं फिकं. इतकी वर्षं रंग ओळखून पोट भरलं, आणि हा फरक रोज हातात घेऊन मला दिसला नव्हता.

२ जून

भिंगरी सकाळी छावणीला गेली. फोड सुकलेत, नवी कातडी गुलाबी दिसते. सूनबाईने दुकानातून तपासलेलं क्रीम आणून दिलं, मोठी टोपी दिली. निघताना भिंगरी माझ्या पाया पडली. सवयीने पडली असेल. बोलली नाही.

डब्या सगळ्या रिकाम्या करून पालथ्या घातल्या. आज विचारपूस करायला कोणी नाही.

११ जून

पत्र लिहिलं. टपालात टाकायच्या आधी सूनबाईला वाचायला दिलं आणि विचारलं, पाठवू का? ती म्हणाली, "हे तिला विचारा." म्हणून वर पहिली ओळ वाढवली. वहीत उतरवून ठेवतो.

'चि. भिंगरीस,

हे पत्र वाचावंसं वाटलं नाही तर वाचू नकोस, आईकडे परत पाठव. मी विचारणार नाही.

इकडे सगळे बरे. आईची पाठ दोन दिवस दुखली, आता बरी आहे. तुझ्या बाबाचा खोकला खरंच गेला, या रविवारी मी मुद्दाम ऐकत होतो. शिंपीणबाईंची लाली उतरली. माझा गुडघा आहे तसाच.

मी क्रीम करणं बंद केलं. तू डिस्टेंपर म्हणायचीस ते मला फार आवडायचं. तुझं लेबल मी दुसऱ्या डबीला लावलं. मालकाने सांगूनही जे काम मी कधी केलं नाही ते तुझ्याबाबतीत केलं.

शेडकार्ड जाळणार होतो. जाळलं नाही. जाळून मला हलकं वाटलं असतं, आणि तेवढंच झालं असतं. ते खणात कात्रीखालीच आहे. तू आल्यावर त्याचं काय करायचं ते तू सांग.

तुझ्या आजीबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. ती विनोद म्हणून मी चाळीस वर्षं सांगत आलो. तू ऐकलीही असशील. आता ती तशी सांगता येणार नाही. समोर बसून सांगेन, तू ऐकणार असशील तर. तिची माफी मागायला आता जागा नाही. तुझी मागतो. दोन्ही एकत्र मागतोय असं समजू नकोस. तुझी वेगळी आहे.

तू कशी दिसतेस ते विचारत नाही. कातडीची आग होते का, झोप लागते का, मोजणी किती झाली, तेवढं कळव. रागाने लिहिलंस तरी चालेल, एकच ओळ लिहिलीस तरी चालेल.

आई म्हणत होती, छावणीतल्या फोटोत तू लांब बाह्यांत आहेस. उन्हात तेच बरं, डॉक्टरीणबाईंनीही तसंच सांगितलंय. पण मी एकदा न विचारता समजून घेतलं होतं, आणि मग जन्मभर समजलो नाही. म्हणून या वेळी विचारतो. बाह्या उन्हासाठी घालतेस की माझ्यामुळे, एवढं मात्र लवकर लिही.

तुझा,
आजोबा'